वऱ्हाडचें समुद्राशीं नातें

खारें पाणी म्हटलें कीं वऱ्हाडांतील माणसाला समुद्र आठवत नाहीं. त्याला आठवते ती खारपाणपट्ट्यांतील विहीर. उत्तरेस मेळघाटचा सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मध्यें पूर्णेचें काळ्या मातीचें खोरें, अशा चोहोंकडून जमिनीनें वेढलेल्या ह्या प्रांतांत वाढलेलीं मुलें समुद्र प्रथम पाहतात तीं बहुधा मुंबईस, आणि तोहि एखाद्या लग्नकार्याच्या किंवा शिक्षणाच्या निमित्तानें. शाळेंत त्यांनीं सिंधुदुर्गाचें नांव पाठ केलेलें असतें, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचीं वर्णनें वाचलेलीं असतात. परंतु तें सारें कोंकणांतल्या मंडळींच्या घरचें कौतुक आहे, आपलें नव्हे, अशी एक समजूत मनांत कायमची बसून जाते. दर्या त्यांचा, आपला संबंध फार झाला तर तिकडून येणाऱ्या नारळांशीं व आमसुलांशीं!

ही समजूत कितपत खरी आहे, हें एकदां तपासून पाहण्याजोगें आहे. गलबत बंदरांतून सुटतें तें रिकामें सुटत नाहीं, आणि त्याच्या पोटांत जो माल भरलेला असतो तो किनाऱ्याच्या वाळूंत पिकलेला नसतो. तो घाटमाथ्यापलीकडच्या काळ्या रानांत पिकतो, तेथल्या मागांवर विणला जातो, बैलांच्या पाठीवरून शेंकडों मैल चालत येतो आणि मग तारवावर चढतो. म्हणजे समुद्रप्रवासाचा पहिला टप्पा जमिनीवरच पडतो. ही गोष्ट ध्यानांत आली कीं आपल्या प्रांताकडे पाहण्याची दृष्टि पालटते. अमरावतीस किंवा अकोल्यास नौकानयनाचें वस्तुसंग्रहालय नाहीं, हें खरें; पण तें उद्यां उभारावयाचें ठरल्यास त्यांत मांडण्याजोग्या वस्तु थोड्याथोडक्या नाहींत. त्या निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेल्या आहेत इतकेंच. त्यांपैकीं कांहीं वाचकांना क्रमाक्रमानें दाखवाव्या, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

वाशीमच्या राजाच्या काळचें गलबत

ह्या संग्रहालयाचें पहिलें दालन आपल्या सीमेलगतच, अजिंठ्याच्या डोंगरांत, दीड हजार वर्षांपासून सजलेलें आहे. अकोल्याहून आगगाडीनें जळगांवास उतरलें म्हणजे तेथून लेणीं सुमारें ६० किलोमीटरांवर राहतात. बहुतेक मंडळी पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपुढें उभी राहतात, आणि तें योग्यच आहे. पण दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत, अंधुक उजेडांत, भिंतीवर एक गलबत रंगविलेलें आहे, त्याच्याकडे लक्ष देणारे थोडे. गलबताचा पुढचा व मागचा भाग उंच उचललेला आहे. तीन डोलकाठ्यांवर तीन उंच, अरुंद शिडें ताणलेलीं आहेत, आणि नाळेकडे आणखी एक शीड आहे. मागच्या अंगाला दिशा देणारीं वल्हीं दिसतात. छपराखालीं रांजण ओळीनें मांडून ठेविले आहेत. नाळेवर डोळा काढलेला आहे. गलबताला आपली वाट दिसावी, अशा भावनेनें असा डोळा काढण्याची चाल कितीतरी देशांच्या नाविकांत आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं हिंदी नौकानयनाचा इतिहास लिहिला, त्यांत ह्या चित्राचा साक्षीदार म्हणून उपयोग केला. आणि तेव्हांपासून प्राचीन भारतीय जहाजांविषयीं कोणीहि कांहीं लिहूं लागला कीं ह्या भिंतीपाशीं त्याला यावेंच लागतें.

चित्रांतील कथा आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस विशेष ओळखीची वाटेल. ती पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची आहे. शूर्पारक, म्हणजे वसईजवळचें आजचें नालासोपारा, तेथील एका धनिकाचा हा दासीपुत्र. बाप वारल्यावर जावांच्या कुरबुरीवरून भावांत वांटण्या झाल्या. एकास घर व शेत मिळालें, दुसऱ्यास दुकान व परदेशांतला माल मिळाला. आणि वडील भावाच्या वांट्यास काय आलें, तर हा निर्धन पूर्ण! पण त्यानेंच आपल्या हुशारीनें घर वर आणलें, सहा वेळां समुद्रपार जाऊन तो सुखरूप परतला, आणि सातव्या सफरींत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धाचीं वचनें ऐकून शेवटीं भिक्षु झाला. पुढें तोच वडील भाऊ चंदन आणावयास समुद्रापार गेला असतां यक्षाच्या कोपानें वादळ उठलें. भावानें पूर्णाचें स्मरण केलें, आणि पूर्ण आकाशमार्गें धांवून आला. चित्रकारानें नेमका हाच क्षण घेतला आहे: खालीं मासे व जलचर, मध्यें गलबत, त्यांत हात जोडलेला भाऊ, आणि वरून येणारा पूर्ण. सतराव्या लेण्यांत सिंहलाच्या कथेमध्यें जहाजें पुनः भेटतात. तेथें तर हत्तीसुद्धां होड्यांत चढविलेले आहेत.

आतां हें चित्र काढलें गेलें तेव्हां ह्या मुलुखाचा राजा कोण होता, हें पाहिलें म्हणजे आपलें नातें उघड होतें. आजच्या बहुतेक अभ्यासकांच्या मतें अजिंठ्याचीं हीं उत्तरकालीन लेणीं इ. स. च्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकीर्दीच्या सुमारास घडलीं. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेणाचा मंत्री. त्याच्या लेखांत ह्या घराण्याची वंशावळ दिली आहे. आणि ह्या राजांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम, जें १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांतच मोडत असे. १९३९ सालीं वाशीम येथें सांपडलेल्या ताम्रपटाचें वाचन यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हां वाकाटकांची ही वेगळी शाखा निश्चितपणें उजेडांत आली. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ह्या घराण्याचा इतिहास परिश्रमपूर्वक जुळविला. ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यहि होते. तात्पर्य, प्राचीन हिंदुस्थानांतील जहाजाचें जें सर्वांत प्रसिद्ध चित्र, तें वऱ्हाडांतून राज्य करणाऱ्या राजाच्या काळांत, त्याच्या मुलुखांत निघालें, आणि त्याचा इतिहास उलगडण्यांतहि वऱ्हाडच्या विद्वानांचा हात लागला. ह्याहून निकटचा संबंध कोणता असावयाचा?

हस्तिदंत, कापड आणि नाणीं

दुसऱ्या दालनासाठीं वाकाटकांच्याहि मागें, चारशें वर्षें जावें लागतें. इ. स. च्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवजा वही लिहून ठेविली आहे. आपलें नांव त्यानें सांगितलें नाहीं. पण कोठें काय विकतें व काय मिळतें हें मात्र पक्क्या वाण्याच्या नजरेनें टिपलें आहे. भडोचच्या बंदरावरून दक्षिणेकडे वळून तो सांगतो कीं, वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे व त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून नाना तऱ्हेचें जाडें व तलम कापड, रस्ते नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून, गाड्यांत घालून भडोचला आणतात. गाडीवानांच्या हालांचें ह्याहून मोजकें वर्णन क्वचितच सांपडेल.

तें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं नदीकांठच्या पांढरींतून मिळालेल्या वस्तु आयुष्यभर जमविल्या, आणि त्या संग्रहावरच आज तेथें त्यांच्या नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय उभें आहे. त्यांतील एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहण्यासाठीं मुद्दाम वांकडी वाट करावी. कारण तिची जणुं बहीण शोभावी अशी दुसरी मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई ह्या शहराच्या राखेखालून निघाली. पाँपेई गडप झालें तें इ. स. ७९ मध्यें, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटानें. अर्थात् आपल्याकडची ती पुतळी त्यापूर्वींच समुद्र ओलांडून रोमन श्रीमंताच्या घरांत जाऊन बसली होती. ह्या शोधाला आणखी एक कडी आपल्या सीमेलगत जोडली गेली. बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारीं जालना जिल्ह्यांत भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथें १९७३-७४ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं उत्खनन केलें, आणि तेथेंहि त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ति मिळाली. त्यामुळें पाँपेईची पुतळी दक्षिणेंतल्या ह्याच भागांतील कारागिरांच्या हातची असावी, असें मत कित्येक विद्वानांनीं मांडलें आहे.

ह्या व्यापारावर छत्र होतें तें सातवाहनांचें. त्यांच्या कांहीं नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज कोरलेलें आहे. तीं जहाजाचीं नाणीं पूर्व किनाऱ्याकडे मिळतात. परंतु त्याच राजवंशाच्या नाण्यांचा एक मोठा सांठा १९३९ सालीं तऱ्हाळा येथें, म्हणजे तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतच, उघडकीस आला. हजारावर असलेल्या त्या नाण्यांत यज्ञ सातकर्णीचींहि नाणीं आहेत, आणि जहाजाचा छाप मारणाऱ्या राजांत त्याचें नांव घेतलें जातें. वऱ्हाडच्या बाजारांत चालणारा पैसा आणि बंदरावर चालणारा पैसा एकाच टांकसाळीचा नसला, तरी एकाच सत्तेचा होता.

वीरगळ आणि निर्बंध

तिसऱ्या दालनांत दगड मांडावे लागतील. मुंबईच्या बोरिवलीजवळ एकसर गांवीं सहा वीरगळ उभे आहेत. लढाईंत पडलेल्या वीराचें स्मारक गांवोगांवीं असतें. पण ह्या दगडांवर लढाई आहे ती पाण्यावरची. वल्ह्यांच्या ओळी लागलेल्या होड्या एकमेकींवर चालून जात आहेत, आणि वरच्या पट्टींत पडलेले वीर स्वर्गास निघाले आहेत. ह्यांपैकीं कांहींचा संबंध अभ्यासक इ. स. १२६५ च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा महादेव आणि कोंकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यांत झालेल्या झुंजीशीं जोडतात. सोमेश्वर समुद्रांत बुडून मेला, हें आपणांस कळतें तें हेमाद्रीच्या राजप्रशस्तींतून. आणि हेमाद्रि म्हणजे ज्याच्या नांवानें बार्शीटाकळीसारखीं आपल्याकडचीं जुनीं दगडी देवळें ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखलीं जातात, तोच यादवांचा मंत्री. वऱ्हाड तेव्हां यादवांच्याच राज्यांत होतें.

येथें एका नाजूक प्रश्नाला हात घातला पाहिजे. ज्या हेमाद्रीनें हें समुद्रावरचें यश नोंदून ठेविलें, त्याच परंपरेंतील निबंधकारांनीं द्विजाच्या समुद्रयात्रेची गणना कलिवर्ज्यांत केली. निर्बंध त्याहून जुना आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रसंयान हें पतनाचें कारण म्हणून आलें आहे. पण त्याच सूत्रांत उत्तरेकडील लोकांचा तो रूढ आचार असल्याचेंहि म्हटलें आहे. मनुस्मृतींत समुद्रयात्रा करणाऱ्या ब्राह्मणास श्राद्धाच्या पंक्तींत बसवूं नये असें सांगितलें आहे. आणि तिच्यांतच समुद्रावरून माल नेण्याच्या भाड्याचा व त्या व्यवसायांतील जाणत्यांनीं व्याजाचा दर ठरविण्याचा विचार केला आहे. कौटिल्यानें तर नावध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारीच नेमला आहे. जी गोष्ट कोणी करीतच नाहीं तिला प्रायश्चित्त सांगावें लागत नाहीं. ग्रंथांत निषेध आहे, त्याअर्थीं समाजांत प्रवास होता, इतका साधा निष्कर्ष ह्यांतून निघतो. पण पुढें पुढें प्रवासाची स्मृति पुसली गेली व निषेध तेवढा शिल्लक राहिला, आणि त्याची किंमत आपल्याच घरांना द्यावी लागली. तिचा विचार शेवटीं करूं.

दोन समुद्र, दोन तह

चौथें दालन अस्सल वऱ्हाडांतलें आहे. तेथें जावयास जिल्ह्याची हद्दहि ओलांडावी लागत नाहीं. मराठ्यांचा समुद्र म्हटला कीं आपण फक्त पश्चिम किनारा डोळ्यांसमोर आणतों. पण नागपूरकर भोसल्यांना पूर्वेकडे स्वतःचा किनारा होता, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. सेनासाहेब सुभा रघूजी भोसले यांनीं बंगालच्या अलिवर्दीखानाशीं झुंजून १७५१ च्या तहानें ओरिसा मिळविला. कटक, जगन्नाथपुरी आणि बालासोर बंदर हीं त्यानंतर अर्धशतकभर नागपूरच्या अमलाखालीं होतीं. सतराव्या शतकापासून इंग्रज, डच वगैरे व्यापाऱ्यांनीं बालासोरास आपल्या वखारी घातलेल्या होत्या, यावरून त्या बंदराचें महत्त्व कळून येईल.

१८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपलें. समुद्राकडील मुलूख इंग्रजांच्या फौजांनीं प्रथम घेतला. पण त्याचा कायमचा निकाल लागला तो वऱ्हाडच्या जमिनीवर. २९ नोव्हेंबर रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांवाजवळ जनरल वेलस्ली यानें भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढें वॉटर्लूच्या रणांगणावर वेलिंग्टन म्हणून गाजला. १५ डिसेंबर रोजीं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां ठार झाला. १७ डिसेंबरला देवगांव येथें भोसल्यांनीं तह केला, आणि कटकचा प्रांत बालासोर बंदरासह इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्यानंतर तेराच दिवसांनीं, ३० डिसेंबरला, अमरावती जिल्ह्यांतीलच सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांनीं तह केला. त्यांत त्यांनीं जीं ठाणीं सोडलीं त्यांत एक नांव होतें भडोचचें. ज्या बंदराकडे पहिल्या शतकांत दक्षिणेंतल्या कापडाच्या गाड्या चालत होत्या, तेंच हें भडोच! एका पंधरवड्यांत, एकाच जिल्ह्याच्या आसपास, पूर्वेचें एक बंदर आणि पश्चिमेचें एक बंदर मराठ्यांच्या हातून कागदोपत्रीं कायमचें गेलें. सिंधुदुर्गाच्या तटावर उभें राहून मराठ्यांच्या समुद्राचा उदय आठवावा; त्याचा अस्त मात्र गाविलगडच्या तटावरून दिसतो. चिखलदऱ्यास थंड हवेसाठीं जाणाऱ्या मंडळींनीं पोराबाळांना हें सांगावयास हवें.

‘ऊमरा’ कापूस

राज्य गेलें तरी शेत होतेंच, आणि शेतांत कापूस होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारें ५०० मैलांवरच्या मिर्झापुरास नेत, आणि तेथून गंगेंतून कलकत्त्यास. १८४२ सालीं एकाच पेढीनें ह्या वाटेनें एक लाख बैलांवरचा माल धाडला, असें जुन्या गॅझेटिअरांत सांगितलें आहे. आंकडा बाजूस ठेवला तरी त्या तांड्यांच्या घंटांचा नाद कल्पनेनें ऐकतां येतो.

१८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस पोंचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, सावकारांच्या तिजोऱ्या भरल्या, आणि युद्ध संपतांच ते भाव कोसळून अनेकांचीं घरेंहि बसलीं. त्याच दशकांत आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचली. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला व मुंबईहून विलायतेची वाट आफ्रिकेला वळसा न घालतां जाऊं लागली. लगेच १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगांवास आले व तेथील रेल्वेफांटा त्यांच्या हस्तें सुरू झाला. मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी, आणि आतां बंद पडलेली, ‘शकुंतला’ गाडी हीसुद्धां मुख्यत्वें कापसासाठींच घातलेली होती. जिनांत सरकी निघावी, प्रेसमध्यें ३९२ रत्तलांची गांठ आवळली जावी, ती गाडीवर चढावी, मुंबईच्या गोदींत उतरावी आणि बोटीच्या तळघरांत जावी: ही सांखळी वऱ्हाडच्या प्रत्येक कापूसगांवाला थेट समुद्राशीं बांधीत होती.

आणि ह्या कापसाचें नांव काय होतें? मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारांत ह्या जातीला ‘ऊमरावती’ किंवा नुसतें ‘ऊमरा’ म्हणत. तें दुसरें कांहीं नव्हे, उमरावती ऊर्फ अमरावती! अंबादेवीच्या गांवाचें नांव परदेशच्या दलालांच्या तोंडीं रोज भावाबरोबर उच्चारलें जाई. प्रस्तावित संग्रहालयांत इतर कांहीं मिळालें नाहीं, तरी तागाच्या वेष्टणांत लोखंडी पट्ट्यांनीं आवळलेली एक गांठ मध्यभागीं ठेवून तिच्यावर तें नांव लिहावें. वऱ्हाडच्या दर्यावर्दी इतिहासाचा सारांश त्यांत येऊन जाईल.

घरांतील शेवटचें दालन

गांठीमागून माणसें गेलीं, पण किती वर्षांनीं, आणि काय सोसून! अमरावतीच्या मातींतला कापूस अमरावतीचें नांव घेऊन बिनदिक्कत समुद्र ओलांडीत होता, त्याला कोणी प्रायश्चित्त विचारलें नाहीं. विलायतेहून आलेल्या तलम धोतरजोड्यांतहि कोणास दोष दिसला नाहीं. तोच समुद्र घरच्या मुलानें ओलांडावयाचा म्हटला कीं मात्र शास्त्रार्थ सुरू होई. परत आलेल्याला पंचगव्य घ्यावें लागे, पंक्तीचा वाद निघे, बहिणींच्या सोयरिकी अडत, आणि एकाच छपराखालीं दोन चुली पेटत. मुलाला निराळ्या पाटावर, निराळ्या भांड्यांत वाढतांना आईच्या मनांत काय होत असेल, ह्याची नोंद कोणत्याहि निर्णयग्रंथांत नाहीं.

तरीहि लोक गेले. कल्याणच्या माहेरवाशीण आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीवर चढल्या, अमेरिकेंत १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास निवर्तल्या. कल्याण हें त्या प्राचीन ग्रीक वहींतहि नोंदलेलें बंदर. तेथल्या कन्येला समुद्र परका ठरावा, ह्यांतच आपल्या विस्मरणाची खोली दिसते. आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ सालीं विलायतेस गेले ते विद्येसाठीं नव्हे, धनासाठींहि नव्हे. लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेस नेलें, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं तेथें खटपट करण्यासाठीं ते गेले, आणि चालती वकिली सोडून १९१० पर्यंत परक्या देशीं राहिले. १९२० सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळच्या शेतकरी घराण्यांतले पंजाबराव देशमुख उच्च शिक्षणासाठीं निघाले, आणि वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या विकासावर त्यांनीं तिकडे प्रबंध लिहिला. शास्त्राच्या नांवानें जो समुद्र वर्ज्य ठरला होता, त्याच्या पलीकडे जाऊन एका वऱ्हाडी विद्यार्थ्यानें वेदांचाच अभ्यास केला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अशा प्रसिद्ध पुरुषांपलीकडे कितीतरी घरांतून साधीं माणसें गेलीं: कोणी वैद्यकीसाठीं, कोणी बॅरिस्टरीसाठीं, कोणी महायुद्धांत डॉक्टर म्हणून. त्यांच्या खुणा कोणत्याहि संग्रहालयांत नाहींत. त्या आपल्याच माळ्यावर आहेत. बोटीच्या कंपनीची चिठ्ठी चिकटलेली पत्र्याची ट्रंक, एडनहून टाकलेलें पत्र, प्रवासांतल्या जमाखर्चाची वही, परतल्यावर केलेल्या प्रायश्चित्ताच्या खर्चाची यादी, डेकवर उभ्या असलेल्या आजोबांची पिंवळी पडलेली तसबीर. वाडे पाडले जातात, बिऱ्हाडें लहान होतात, आणि दिवाळीच्या साफसफाईंत ही ट्रंक भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. तेर येथें एका गृहस्थानें खापरें जमविलीं म्हणून तगर जगाला पाहावयास मिळालें. वऱ्हाडांतील कुटुंबांनीं आपापल्या ट्रंका उघडून पाहिल्या, कागदांवर नांव, साल व नातें लिहून ठेविलें, आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनीं किंवा जुन्या ग्रंथालयांनीं त्यांच्या प्रती करून घेतल्या, तर ज्या संग्रहालयाचें वर्णन येथें केलें तें पांचदहा वर्षांत प्रत्यक्षांत येऊं शकेल. त्याला समुद्रकिनाऱ्याची मुळींच गरज नाहीं.

एवढें होईपर्यंत निदान एक गोष्ट प्रत्येक घराला करतां येईल. येत्या सुटींत मुलांना अजिंठ्यास न्यावें, आणि दुसऱ्या लेण्यांतल्या त्या गलबतासमोर थोडा वेळ थांबावें. डोळे अंधाराला सरावले म्हणजे आधीं शिडें दिसतात, मग रांजण, मग हात जोडलेला भाऊ. मुलें विचारतील कीं एवढ्या डोंगरांत हें जहाज कोणीं आणलें. त्यांना सांगावें, कीं हें वाशीमच्या राजाच्या काळचें, म्हणजे आपल्याच गांवाकडचें आहे.